ट्रॉली थांबते तिथून

घरकुल बांधून झालेल्या माणसाला विचारावे, घराला एकूण किती लागले? तो सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब सांगतो, सळईचा सांगतो, मिस्त्रीची मजुरी सांगतो. आकडा सांगून झाला की जरा थांबतो आणि पुस्ती जोडतो, "अन् माल आणायचे वेगळे."

हे 'वेगळे' कुठल्याच योजनेच्या अंदाजपत्रकात सापडत नाही. वाशिमसारख्या जिल्ह्यात घर ही एका टेबलावरची फाइल असते आणि रस्ता ही दुसऱ्या टेबलावरची. पुष्कळदा ते टेबल दुसऱ्याच इमारतीत असते. वस्तीवर राहणाऱ्याला मात्र या दोन गोष्टी अशा वेगळ्या काढता येत नाहीत. त्याचे घर केवढे होणार, स्लॅब पडणार की टीन, दिवाळीला राहायला जाणार की पुढच्या उन्हाळ्यात, हे रस्ता किती जवळ येऊन थांबला त्यावर ठरते. एवढीच गोष्ट मला सांगायची आहे. ती पटावी म्हणून विटांच्या एका ट्रॉलीमागे शेवटपर्यंत चालत जाऊ.

आधी घर पाहू. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात २०१६ पासून सुरू आहे. तिच्यातले घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे स्वयंपाकाची जागा धरून २६९ चौरस फुटांचे. सपाट भागात अनुदान १,२०,००० रुपये. त्यातले ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. शौचालयाचे १२,००० वेगळे, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी वेगळी. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, इतर मागासवर्गासाठी २०२३ पासून मोदी आवास. नावे निरनिराळी, घर साधारण तेवढेच. एक लाख वीस हजार हा आकडा २०१६ चा आहे. राज्याने त्यात ५०,००० रुपयांची भर घातली ती २०२५ साली. मधली नऊ वर्षे सिमेंट आणि लोखंड काही कुणासाठी थांबून राहिले नव्हते.

आता २६९ फुटांना लागते काय? नऊ इंची भिंत धरली तर सहा-सात हजार विटा. चार-पाच ब्रास रेती. मग गिट्टी, जोत्यात भरायला मुरूम, सिमेंट, सळई, दार-खिडक्या. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि ट्रॅक्टरची एक ट्रॉली म्हणजे ढोबळमानाने एक ब्रास. सगळे मिळून पंधरा-वीस खेपा होतात. त्यात आपली जमीन काळी. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात घालावा एवढी फाटते. तिच्यावर भिंत उभी करायची तर पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो. मुरमाड गावात जो पाया तीन फुटांत बसतो, तो काळ्या रानात आणखी दोन-तीन ट्रॉल्या गिळतो. अनुदान दोघांना सारखेच.

रेतीचे थोडे थांबूनच सांगायला हवे. २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे. चांगलीच गोष्ट. पण मोफत म्हणजे स्वामित्वधन माफ. रेतीघाटावरून दारापर्यंत आणायची ज्याची त्याने. आणि वाशिम जिल्हा बसला आहे पठारावर. वऱ्हाडात घाटाखालचा मुलूख वेगळा आणि घाटावरचा वेगळा; आपण घाटावरचे. काटेपूर्णा इथल्या काटा गावाजवळ उगम पावते आणि अकोल्याकडे उतरते. अडाण, अरुणावती इथूनच निघून पुढल्या मुलखात मोठ्या होतात. नद्या ज्या गावात जन्माला येतात त्या गावाला रेती कमीच ठेवतात. दक्षिणेला पैनगंगा आहे, ती सगळ्यांना जवळ नाही. मोफत रेतीचा पहिला खर्च असा भाड्यानेच सुरू होतो.

तर ट्रॉली निघाली. समजा, मालेगावच्या बाजूच्या एखाद्या वीटभट्टीवरून. मालेगाव हा आपल्या जिल्ह्याचा चौक. अकोल्याहून वाशिम, हिंगोली, नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ इथून जातो, आणि नागपूरहून कारंजा, शेलूबाजार करत मेहकर-जालन्याकडे जाणारा जुना रस्ताही इथेच त्याला भेटतो. शिवाय जवळून समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर; त्यातले सुमारे ९७ किलोमीटर आपल्या जिल्ह्यातून. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी सगळा मार्ग खुला झाला. त्याच्यावर ट्रॅक्टरला मज्जाव आहे, मोटारसायकललाही आहे. असायलाच हवा, त्या वेगात ट्रॉली म्हणजे अपघाताला आवतण. म्हणून आपली ट्रॉली समृद्धीच्या खालून, बोगद्यासारख्या पुलातून पलीकडे निघते. वरून मुंबईची गाडी जाते, खालून विटा जातात.

समृद्धीला नावे ठेवायला मी बसलेलो नाही. उलट त्याची एक आठवण मनात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. त्या रस्त्याला जमीन हवी होती तेव्हा शेतात मोजणीवाले आले, खुणा रोवल्या गेल्या. विहीर मोजली, पाइपलाइन मोजली, बांधावरचा आंबा मोजला, त्याचे वय धरले, मोबदला ठरला आणि थेट खरेदीखते झाली. सरकारला जमीन मोजता येत नाही असे कुणी म्हणू नये.

राष्ट्रीय महामार्ग संपून राज्यमार्ग लागतो, मग प्रमुख जिल्हा मार्ग. इथवर सार्वजनिक बांधकाम विभाग. त्यानंतर इतर जिल्हा मार्ग, त्यानंतर ग्रामीण मार्ग. ते जिल्हा परिषदेकडे. रस्त्याचा मालक बदलला हे पाटी वाचून कळत नाही, ट्रॉलीतल्या विटांचा आवाज ऐकून कळते.

जिल्हा परिषदेला दोष देणे सोपे आहे. पण तिच्या वाट्याला आले काय ते पाहावे. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या, त्या ज्या समितीच्या शिफारशीवरून, तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक. आपल्या शेजारच्या पुसदकडच्या गहुलीचे. तांड्यावर वाढलेल्या माणसाने शिफारस केली की गावचा रस्ता जिल्ह्यातच ठरावा. मुळात विचार असा होता. वाशिमला हे मिळायला उशीर लागला. इंग्रजांच्या काळात वाशिम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून अकोल्यात घातला गेला, आणि पुन्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्र्याण्णव वर्षे इथल्या मोरीचा अर्ज घाट उतरून अकोल्याला जात होता.

आता निर्णय वाशिमला होतो, पण पैसा अजून वरूनच येतो. जिल्हा परिषदेच्या कार्यालयात रस्त्याला कुणी गावाच्या नावाने ओळखत नाही, लेखाशीर्षाने ओळखतात. दुरुस्ती असेल तर ३०५४, नवे काम असेल तर ५०५४. जिल्हा नियोजन समितीत या दोन आकड्यांवर जेवढी चर्चा होते तेवढी पिकावर होत नसावी. त्यातून किलोमीटर खूप आणि रुपये थोडे, मग प्रत्येक गावाला अर्धा-अर्धा किलोमीटर वाटून दिला जातो. कुणी नाराज नको. परिणाम असा की गावोगाव रस्त्याचे तुकडे आहेत: इकडून सहाशे मीटर डांबर, मध्ये खडी उघडी, तिकडून पूल ते शाळा काँक्रीट. तुकडा करणाऱ्याचा फोटो निघतो, पण ट्रॉलीला तुकडा कामाचा नाही. रस्ता त्याच्या सगळ्यात वाईट शंभर मीटरइतकाच चांगला असतो. जानेवारी २०२० मध्ये निवडून आलेल्या सदस्यांची मुदत २०२५ च्या जानेवारीत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हापासून तर "भाऊ, आमच्याकडचे पाहा ना जरा" म्हणायलाही समोर माणूस राहिला नाही.

काही ग्रामीण रस्त्यांचा जन्म आणखी निराळा आहे. १९७२ च्या दुष्काळात बायाबापड्यांनी रस्त्याच्या कडेला बसून गिट्टी फोडली. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हाही काम काढायचे ते हाताला काम हवे म्हणून, रस्ता हवा म्हणून नव्हे. असे रस्ते पाऊस पडला की जिथे होते तिथे थांबायचे. गाव लागेपर्यंत न्यायचे असे काही ठरलेलेच नसायचे.

मग २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली. आजवरच्या योजनांत मला हीच सर्वांत नेटकी वाटते. रस्ता पाच वर्षे ठेकेदारानेच सांभाळायचा, पाटीवर खर्च लिहायचा, लोकसंख्येप्रमाणे गावांचा क्रम लावायचा. सपाट भागात पाचशे वस्तीची अट होती. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात आकांक्षित जिल्ह्यांसाठी ती अडीचशेवर आणली आहे, आणि वाशिम २०१८ पासून आकांक्षित जिल्हा आहे. पण या योजनेत 'जोडलेले गाव' कशाला म्हणतात ते पाहा. बारमाही रस्त्यापासून पाचशे मीटरच्या आत वस्ती असली की ती जोडलेली. कागदावर तिचे काम झाले.

आपली ट्रॉली नेमकी त्या पाचशे मीटरांच्या तोंडाशी येऊन उभी राहते.

इथे डांबर संपते. पुढे पांदण. दोन्ही बाजूंनी सोयाबीन, मधून एका बैलगाडीपुरती वाट, तिच्यात बाभळी आलेल्या, आणि चाकोरीत पाणी. ट्रॅक्टरवाला पोरगा खाली उतरतो, बुटाच्या टाचेने चिखल दाबून पाहतो.

"काकू, इथपर्यंतच बरं. पुढं फसते."

"बाप्पा, मंग हे घरी नेऊ कसं मी?"

"आता काय सांगू? मागच्या खेपंला दुसरं ट्रॅक्टर लावून काढा लागली."

ट्रॉली तिथेच खाली होते. आता हिशेब करू, साधाच आहे. सहा हजार विटा. डोक्यावर घमेल्यात एका वेळी दहा, त्याहून जास्त बाईमाणसाने वाहू नये. झाल्या सहाशे फेऱ्या. जायचे अर्धा किलोमीटर, यायचे अर्धा. सहाशे किलोमीटर. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी टप्पा ५२० किलोमीटरचा होता. एका घरकुलाच्या नुसत्या विटा 'जोडलेल्या' वस्तीपर्यंत न्यायला त्याहून जास्त चालावे लागते, आणि त्यातली निम्मी वाट डोक्यावर पंचवीस-तीस किलो घेऊन. रेती, गिट्टी, पाणी मी धरलेलेच नाही.

कुणी म्हणेल, एवढे कोण चालते? पावसाळ्यात बांधूच नये. खरे आहे, पुष्कळ जण थांबतात. सोयाबीन निघाले, पांदण सुकली, की शेजाऱ्याच्या हातापाया पडून त्याच्या वावरातून ट्रॉली नेतात. पण हप्ता काही सोयाबीन पाहून येत नाही. पहिला हप्ता १५,००० रुपयांचा. तो आला की पाया खोदायचा, आणि त्यासाठी आधी जुने मातीचे घर पाडायचे, कारण दुसरी जागाच नसते. मग जोते झाल्याचा फोटो, त्यावर पुढचा हप्ता. जुलैत घर पाडून बसलेला माणूस डिसेंबरपर्यंत टिनाच्या शेडमध्ये राहतो आणि पंचायत समितीच्या यादीत त्याच्या नावापुढे 'अपूर्ण' लागते. बैठकीत विचारणा होते, लाभार्थी उदासीन का? घराचा फोटो काढायला अभियंता येतो, ठिकाणाच्या अक्षांश-रेखांशासह काढतो. त्या चौकटीत जोते येते, भिंत येते, काकू येतात. पाचशे मीटरची पांदण येत नाही.

ही पांदण कुणाची? आता मूळ मुद्द्यावर आलो. मघाच्या सगळ्या रस्त्यांना मालक होता, चांगला म्हणा की वाईट. पांदणीला नुसता नकाशा आहे. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा काढला की त्यावर तुटक रेषा दिसतात. दोन तुटक रेषा जोडीने गेल्या असतील तर तो गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकच तुटक रेषा असेल तर पायमार्ग, सव्वाआठ फूट. हे आकडे विचित्र वाटतात, पण जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती, तेहतीस बाय तेहतीसचा एक गुंठा. अर्धी साखळी साडेसोळा, पाव साखळी सव्वाआठ. म्हणजे कुणीतरी एके काळी इथे उभे राहून साखळी टाकली होती. वाट मोजलेली आहे.

मग ती गेली कुठे? नांगराच्या तासात गेली. धुऱ्यालगतचा माणूस दरवर्षी एक तास जास्त घेतो, समोरचाही घेतो, आणि तीस वर्षांत साडेसोळा फुटांचे सहा फूट होतात. यात कुणी एक चोर नाही. हिस्से पडत गेले, दोन एकराच्या धन्याला वीतभर जमीनही सोडवत नाही. सुटत नाही ते शेजारपण. तक्रार केली तर उद्या त्याच्याच विहिरीचे पाणी मागायचे आहे.

कायदे आहेत. अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला १९०६ चा मामलतदार न्यायालय कायदा, कलम ५. वाटच नसेल तर धुऱ्यावरून वाट मागायला जमीन महसूल संहितेचे कलम १४३. दोन्ही अर्ज तहसीलदाराकडे. निकालही लागतात, पण निकाल लागून मोजणी, बंदोबस्त, जेसीबी येईपर्यंत दोन पेरण्या जातात. मे २०२५ मध्ये सरकारने शेतरस्ते निदान तीन-चार मीटर रुंद ठेवावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यावी असे ठरवले. मला विचाराल तर रस्त्यांच्या कोट्यवधींच्या घोषणांपेक्षा ही एक ओळ मोठी आहे. सातबाऱ्यावर चढलेली वाट नांगराला सहजी खाता येत नाही.

पैशाची तऱ्हा वेगळी. पांदण बांधायला २०१८ मध्ये पालकमंत्र्यांच्या नावाची योजना आली, २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाची. दुसरीचा पाया रोजगार हमी. तिथे नियम असा की खर्चाचे साठ टक्के मजुरीवर आणि चाळीस टक्के सामानावर. रस्ता तर जवळपास सगळा सामानाचाच: मुरूम, गिट्टी, रोलर. म्हणून गावाने आधी झाडे लावावीत, शेततळी खोदावीत, मजुरी साठवावी आणि तिच्या जोरावर रस्त्याचे सामान उचलावे अशी ती जुळणी. हिशेबात पक्के ग्रामसेवक आणि रोजगार सेवक असलेल्या गावात ती जमते. बाकीच्या गावांत पांदणीवर मातीकाम होते आणि पहिल्या पावसात ती मातीच चिखल होते. आधीची वाट बरी होती म्हणायची पाळी येते.

लहान रस्त्याचा पैसा वेगळा राखूनही ठेवता येतो. अमेरिकेत टेक्सास राज्याने १९४९ साली कायदा करून शेत ते बाजार या रस्त्यांसाठी दरवर्षी दीड कोटी डॉलर बाजूला काढले, कारण कमी रहदारीच्या रस्त्याची महामार्गाशी स्पर्धा लावली तर तो कायम हरणार हे त्यांनी ओळखले होते. तिथल्या शेतकऱ्याची जमीन आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठी, तरी त्यालाही हेच दुखणे होते.

मानोऱ्याकडे गेले की गोष्ट आणखी एक पायरी खाली उतरते. पोहरादेवीच्या पंचक्रोशीत बंजारा तांडे आहेत. तांडा मूळ गावापासून दूर, टेकाडाच्या कडेने, कुठे ई-क्लासच्या सरकारी जमिनीवर वसलेला. साखळी टाकणारा मोजणीदार आला तेव्हा यातले कित्येक तांडे तिथे नव्हते. त्यामुळे नकाशावर वाटेची तुटक रेषाही नाही आणि घराखालची जागाही नावावर नाही. जागा नावावर नाही म्हणून घरकुल अडते, वाट नकाशावर नाही म्हणून रस्ता अडतो. सरकारी जमिनीवरची जुनी राहती घरे नियमात बसवण्याचा निर्णय २०१८ मध्ये झाला. जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची अर्थसहाय्य योजनाही आहे. घर आणि रस्ता दोन्हींची नाडी शेवटी एकाच कागदाला बांधलेली निघते, नोंदीला. समृद्धीच्या वेळी बांधावरच्या आंब्याचीही नोंद झाली होती, ते मघाशी म्हणूनच मनात ठेवा म्हटले.

सरकारला हे अजिबात कळत नाही असेही नाही. याच घरकुल योजनेत डोंगराळ भागाला अनुदान १,३०,००० रुपये आहे. दहा हजार जास्त कशाला? माल चढवायला. म्हणजे पोचवण्याचा खर्च हा घराचाच खर्च आहे हे तत्त्व २०१६ पासून मान्य आहे. ते फक्त चढाला लावले आहे, चिखलाला लावलेले नाही. काळ्या मातीतले जुलैचे पाचशे मीटर कुठल्याही घाटापेक्षा अवघड असतात, हे ज्याने तिथे एकदा ट्रॉली फसवली त्याला कुणी शिकवायला नको. घरकुलाची यादी आणि पांदणीची यादी एकाच ग्रामसभेत, एकमेकींशेजारी ठेवून वाचली आणि ज्या वस्तीत घरे मंजूर आहेत तिथली पांदण त्या वर्षी आधी घेतली, तर नवा कायदा लागत नाही, नवी योजनाही लागत नाही. दोन टेबले जवळ सरकवावी लागतात.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होते. पुढच्या ग्रामसभेला जाण्याआधी भूमी अभिलेखातून आपल्या गावाचा नकाशा काढून घ्या आणि त्यावरच्या जोडीच्या तुटक रेषा शोधा. मग टेप घेऊन, दोन्ही बाजूंच्या धुरेवाल्यांना सोबत घेऊन, पांदण तोंडापासून शेवटच्या घरापर्यंत मोजा. साडेसोळा फुटांतले आज किती उरले, तो आकडा इतिवृत्तात लिहून घ्या.